बेल वाजवायची की नाही, आणि वाजवायची तर कधी?

प्रश्न थोडक्यात असा: रोज सकाळी सायकलनं कामाला जाताना चार किलोमीटरचा सामायिक मार्ग लागतो. चालणारे आणि सायकलवाले एकाच पट्ट्यावर. बेल वाजवली की लोक वळून रागानं बघतात, नाही वाजवली की दचकून ओरडतात. गेल्या आठवड्यात एका आजोबांना हँडल लागता लागता राहिलं. चूक कुणाची? आणि मधोमध पांढरी रेघ मारून घेतली तर हे थांबेल का?

मी मोठ्या माणसांना सायकल शिकवतो आणि असे मार्ग तपासण्याचं काम करतो. दोन्ही मिळून वीसेक वर्षं झाली. त्यातला बराच काळ बाकावर बसून, मांडीवर पॅड ठेवून, कोण कुणाला कसं ओलांडतं याच्या खुणा करण्यात गेला. तेव्हा उत्तर आधी देतो आणि मग पाल्हाळ लावतो: तुमची बेल चुकत नाही, तिची वेळ चुकते. आणि रेघेनं हे थांबणार नाही, कदाचित वाढेल.

आधी थोडं गणित. रमतगमत चालणारा माणूस ताशी ५ किलोमीटरच्या आसपास चालतो. तुम्ही कामाच्या घाईत २० नं येत असणार. मागून गाठताना दोघांमधला फरक ताशी १५, म्हणजे सेकंदाला चार मीटरहून किंचित जास्त. २० मीटर अलीकडून बेल दिलीत तर त्याच्या हातात जवळजवळ ५ सेकंद असतात. ऐकायचं, ती आपल्यासाठी आहे हे उमगायचं, कुठल्या बाजूनं येतोय ते बघायचं, सोबतच्याला कोपरानं खुणावायचं आणि सरकायचं. पाच सेकंदांत हे सगळं आरामात होतं. पण बहुतेकजण बेल देतात ती पाचसहा मीटरवर आल्यावर, म्हणजे आपल्याला वाट मिळत नाही हे आपल्या लक्षात आल्यावर. तेव्हा त्याच्या हातात उरतो सव्वा-दीड सेकंद. एवढ्या वेळात माणूस विचार करत नाही, उडी मारतो. कुठल्या बाजूला मारेल हे त्यालाही माहीत नसतं.

आता तुमची बाजू बघा. कोरड्या रस्त्यावर, एक सेकंद भानावर येण्यात गेला असं धरून आणि सर्वसाधारण जोरानं ब्रेक दाबून, ताशी २० वरून थांबायला दहा-अकरा मीटर लागतात. १५ वर सातेक, १० वर चार. २५ वर थेट पंधरा. सहा मीटरवरून बेल वाजवून २० नं जाणारा सायकलस्वार ‘बाजूला व्हा’ असं सांगत नसतो, ‘मी आता थांबू शकत नाही’ असं सांगत असतो. ऐकणाऱ्याला ते नेमकं कळतं. तो रागानं बघतो ते त्यामुळे.

हे शहाणपण मला वाचून आलेलं नाही. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. समोर एक म्हातारे गृहस्थ, एकटेच, मार्गाच्या डाव्या कडेनं नीट चाललेले. मी उजवीकडून जायचं ठरवलं आणि सात-आठ मीटरवर आल्यावर एकदाच टिंग केलं. ते उजवीकडे सरकले. सरकले म्हणजे काय, चांगलं लांब पाऊल टाकून माझ्या चाकासमोर आले. मी गवतात गेलो, सायकल माझ्यावर. त्यांनी आधी सायकल उचलून उभी केली, मग मला, मग म्हणाले, “अरे बाळा, माझा डावा कान गेलाय. आवाज आला की मला वाटतं उजवीकडूनच आला. पण मग मी पळायला हवं होतं डावीकडे, नाही का?” आणि स्वतःशीच हसले. मला तेव्हा कोपर खरचटल्याचं दुःख जास्त होतं. नंतर कळलं की हा काही त्यांचा एकट्याचा विक्षिप्तपणा नव्हता. आवाज कुठून येतो हे मेंदू दोन कानांमधल्या फरकावरून ओळखतो. एक कान अधू झाला की आवाज ऐकू येतो, दिशा कळत नाही. आणि ज्याला दिशा कळत नाही तो काहीही करू शकतो: डावीकडे जाईल, उजवीकडे जाईल, जागच्या जागी खिळेल. एका कानात इयरफोन घालून चालणाऱ्या तरण्याताठ्या माणसाची अवस्था तात्पुरती अशीच असते.

म्हणून शिकवताना मी सांगतो की बेल दोनदा द्या. पहिली लांबून, २०–२५ मीटरवरून, हलक्या हातानं. ती देतानाच पायडल मारणं थांबवा. वेग पडू लागेल. समोरच्यानं काही हालचाल केली, नुसती मान हलवली तरी, त्याला कळलंय. मग दुसरी द्यायची गरजच नाही. काहीच हललं नाही तर त्याला ऐकू आलेलं नाही असं धरा. उद्धट आहे, मुद्दाम करतोय, असं धरू नका. दहाएक मीटरवर दुसरी द्या, तोवर तुमचा वेग १० च्या खाली आलेला असू द्या. तरीही हालचाल नाही? मग ते गृहस्थ कर्णबधिर आहेत असं समजून चालण्याच्या वेगानं, हाताभर अंतर ठेवून शेजारून जा. जागा नसेल तर उतरा. सगळं मिळून सात-आठ सेकंद जातात. चार किलोमीटरच्या मार्गावर असे पाच प्रसंग आले तरी मिनिटभरही उशीर होत नाही. मी मोजलंय.

बेलीशिवायही आवाज असतात आणि ते बहुतेकदा जास्त सभ्य असतात. पायडल थांबवलं की मागच्या चाकाची टिकटिक सुरू होते. शांत सकाळी ती दहा मीटरवर ऐकू जाते आणि तिच्यात हुकूम नसतो. पायडल उलटं फिरवलं तरी चालतं. तोंडानं बोलायचं असेल तर ‘नमस्कार’ म्हणा, ‘जरा येतोय हं’ म्हणा, पण दिशा सांगू नका. ‘उजवीकडून येतोय’ असं ओरडलात की ऐकणाऱ्याच्या कानात ‘उजवीकडे’ एवढाच शब्द जातो आणि तो इमानेइतबारे उजवीकडे सरकतो. नव्या प्रशिक्षकांना हे पटत नाही. त्यांना मी अर्धा तास बाकावर बसवतो, मग पटतं.

गंमत म्हणजे बेलीबद्दल देशोदेशींचे कायदेही गोंधळलेले आहेत, निदान एकमेकांशी जुळत नाहीत. जपानमध्ये फुटपाथवर सायकलला परवानगी असेल तिथे ती रस्त्याकडच्या बाजूनं आणि सावकाश चालवायची असते, पादचाऱ्याची अडचण होत असेल तर थांबायचं असतं, आणि त्याला हटवण्यासाठी बेल वाजवणं नियमबाह्य आहे. ब्रिटनमध्ये नवी सायकल विकताना तिला बेल असावी लागते, पण चालवताना ती असलीच पाहिजे अशी सक्ती नाही. तिथल्या ‘हायवे कोड’मध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या नियमांच्या सरकारी पुस्तिकेत, मात्र सामायिक मार्गावर गरज पडेल तेव्हा बेल वाजवून किंवा नम्रपणे हाक देऊन आपण आल्याचं कळवावं, असं म्हटलंय. त्याच नियमात पुढे आहे की समोरचा बहिरा, अंध किंवा कमी दिसणारा असू शकतो, आणि ते त्याच्याकडे बघून कळेलच असं नाही. मला दोन्ही देश आपापल्या जागी बरोबर वाटतात. बेल ही सूचना आहे तोवर ठीक. ती वाट मागू लागली की जपानी कायदा बरोबर.

आता ओलांडायचं कसं. एकट्या माणसाला ओलांडणं सोपं. भानगड सुरू होते दोघांपासून. एक प्रसंग मी इतक्या वेळा नोंदवलाय की पॅडवर त्याची वेगळी खूण केली होती. दोन मैत्रिणी गप्पा मारत मधोमध चाललेल्या. मागून बेल. दोघी एकदम वळून बघतात, आणि एक डावीकडे, एक उजवीकडे सरकते. मध्ये छान दोन मीटरची वाट तयार होते. सायकलस्वार खूश होऊन त्या वाटेत शिरतो. त्याच क्षणी उजवीकडच्या बाईंच्या लक्षात येतं की आपण मैत्रिणीपासून तुटलो, आणि त्या पळत डावीकडे येतात. चाकासमोरून. मी याला ‘जोडी फुटणं’ म्हणतो. फुटलेली जोडी पुन्हा जुळायला बघतेच. म्हणून सांगतो, दोन माणसांच्या मधून कधीही जायचं नाही, वाट कितीही मोकळी दिसो. एक-दोन सेकंद थांबा, त्या दोघी एका बाजूला होतात. मग जा.

मूल आणि आईबाप यांचंही तेच, फक्त जास्त वेगानं. मूल एका कडेला फुलं तोडतंय, बाबा दुसऱ्या कडेला फोनवर बोलतायत. त्यांच्यामध्ये एक अदृश्य दोरी आहे असं समजा. आणि कुत्र्याच्या बाबतीत तर ती दोरी खरीच असते. गुंडाळी असलेले पट्टे पाच-पाच मीटर सुटतात, दोरी बारीक आणि बहुधा काळी. संध्याकाळच्या उजेडात ती दिसत नाही. माणूस डाव्या कडेला, कुत्रा उजव्या झुडपात, मध्ये काहीच नाही, असं वाटतं. कुत्रा दिसला की आधी माणूस शोधा आणि माणूस सापडला की त्याचा हात बघा. हातात प्लास्टिकची मूठ दिसली तर ब्रेक.

गटानं जात असाल तर आणखी एक. पहिला सायकलवाला गेला की चालणारा सुटकेचा श्वास टाकून परत मार्गाच्या मध्यावर येतो. दुसऱ्या सायकलवाल्याची धडक तिथे होते. पहिल्यानं जाता जाता ‘मागे अजून दोघं आहेत’ एवढं म्हणायला हवं. शेवटच्यानं ‘झालं, आभारी’ म्हणावं. हे शिष्टाचार म्हणून सांगत नाही, ती माहिती आहे.

समोरचा आता काय करणार याचा अंदाज घेण्यावर मी शिकवणीतला सर्वात जास्त वेळ घालवतो. पादचारी न सांगता थांबतो, न सांगता वळतो, आणि यात त्याचं काहीही चुकत नाही. चालणं म्हणजेच ते. त्याला आरसे नाहीत, दिवे नाहीत, वळण्याआधी हात दाखवायची सवय नाही, आणि ती लावावी असंही मला वाटत नाही. पण त्याचं शरीर आधी सांगतं. खांदा फिरला की पाठोपाठ पाऊल फिरतं. मागे वळून बघणारा माणूस ज्या खांद्यावरून बघतो त्याच बाजूला नकळत सरकतो. सायकल चालवताना आपलंही हेच होतं, म्हणून ते ओळखता येतं. चाल मंदावली आणि मान खाली गेली तर फोन आलाय किंवा बुटाची नाडी सुटलीये, दोन पावलांत थांबणार. समोरच्या कडेला बाक आहे आणि वयस्क माणूस त्याकडे बघतोय, तर तो मार्ग तिरका कापणार. फोटो काढणारा माणूस मागे सरकतो, कायम मागे, आणि फ्रेम जमेपर्यंत सरकत राहतो. पांढरी काठी दिसली तर काठीचा टप्पा त्याच्या पावलांच्या दोन्ही बाजूंना धरा, तेवढी जागा त्याची आहे. आणि तिथे जवळ जाऊन टिंग करू नका, लांबूनच बोला. माणसाच्या आवाजावरून किती अंतर, किती वेग, हे त्याला बेलीपेक्षा चांगलं कळतं.

चालणाऱ्यांना काहीच सांगायचं नाही का? सांगायचं ना, पण थोडं. सरळ रेषेत चाला. थांबायचं तर कडेला होऊन थांबा, गप्पा मारायच्या असतील तर कडेच्याही पलीकडे. वळण्याआधी खांद्यावरून एक नजर. एक कान मोकळा. बेल ऐकू आली तर धावू नका, आहात त्याच रेषेत चालत राहा. तुम्ही कुठे जाताय हे सायकलवाल्याला कळलं की तो आपली वाट काढेल. सगळ्यात जास्त टक्कर टाळणारी एकच गोष्ट सांगायची तर ही शेवटची. दचकून बाजूला उडी मारणाऱ्याला आपण सहकार्य करतोय असं वाटत असतं, आणि तोच सर्वात धोक्यात असतो.

कुठल्या कडेनं चालावं यावर लोक भांडतात. रस्त्याला फुटपाथ नसेल तेव्हा येणाऱ्या वाहनांना तोंड करून चालावं हा जुना नियम सगळ्यांना पाठ असतो आणि काहीजण तो सामायिक मार्गालाही लावतात. माझं मत विरुद्ध आहे. अरुंद मार्गावर समोरासमोर आलात तर दोघांच्या वेगांची बेरीज होते. ५ आणि २० चे २५ होतात, आणि कुणी कुणीकडे व्हायचं हे ठरवायला वेळ उरत नाही. दोघंही एकाच बाजूला, मग दोघंही दुसऱ्या बाजूला, हे नाचणं सगळ्यांनी कधी ना कधी केलेलं आहे. पायी असताना त्यावर हसता येतं. सायकलवर असताना नाही. वाहनं ज्या कडेनं चालतात त्याच कडेनं सगळ्यांनी जावं आणि ओलांडणाऱ्यानं दुसऱ्या बाजूनं ओलांडावं, यात ठरवायला काही उरत नाही.

रेघ. तुमच्या प्रश्नातला हा भाग मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, कारण रंग स्वस्त असतो आणि मारल्यावर काहीतरी केल्यासारखं दिसतं. आधी मार्गाची रुंदी मोजा. चालत्या सायकलीला हलत्याडुलत्या हँडलसकट सुमारे एक मीटर लागतो. दोन माणसं शेजारी शेजारी चालली की सव्वा ते दीड मीटर. म्हणजे एकमेकांसमोर येणाऱ्या दोन सायकली आणि एक जोडपं एवढ्यांसाठीच साडेतीन मीटर हवेत. बहुतेक सामायिक मार्ग तीनचे असतात, कित्येक त्याहून कमी. तीन मीटरच्या मधोमध रेघ मारलीत की दीड दीड मीटरच्या दोन पट्ट्या झाल्या. सायकलच्या पट्टीत दोन सायकली समोरासमोर मावत नाहीत, म्हणून त्यातली एक चालणाऱ्यांत शिरते. चालणाऱ्यांच्या पट्टीत जोडपं आणि समोरून येणारी बाबागाडी मावत नाही, म्हणून ते सायकलींत शिरतात. आणि आता प्रत्येकाला वाटतं की दुसरा माझ्या जागेत घुसलाय. रेघेआधी जे दचकणं होतं त्याचं रेघेनंतर भांडण होतं. वर, सायकलवाल्याला पट्टी ‘आपली’ वाटू लागली की त्याचा वेग वाढतो. मी रेघ मारण्याआधी आणि मारल्यानंतर अशा दोन्ही वेळी बसलेलो आहे. पॅडवरच्या खुणा वाढल्या होत्या.

रेघेचं सर्वात प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रिजचं. पुलावरच्या लाकडी पादचारी मार्गावर कित्येक वर्षं एका बाजूला चालणारे, एका बाजूला सायकली, मध्ये रंगाची रेघ. काही ठिकाणी सगळा मार्ग जेमतेम तीन मीटरचा. फोटो काढायला आलेले पर्यटक रेघेकडे बघत नाहीत, ते पुलाकडे बघतात, आणि त्यासाठीच आलेले असतात. सायकलवाले बेली वाजवून वाजवून थकले. शेवटी सप्टेंबर २०२१ मध्ये खालच्या रस्त्यावरची मोटारींची एक मार्गिका काढून तिथे अडथळ्यानं वेगळी केलेली सायकल मार्गिका झाली आणि वरचा मार्ग चालणाऱ्यांना मोकळा मिळाला. रंगानं जे जमलं नाही ते जागा दिल्यावर जमलं.

खरी विभागणी करायची तर ती पायाला आणि काठीला कळली पाहिजे. पाचसहा सेंटीमीटरची उंची, किंवा वेगळं फरसबंदीचं काम. ब्रिटनमध्ये अशा विभागलेल्या मार्गाच्या तोंडाशी उठावाच्या फरश्या असतात: चालणाऱ्यांच्या बाजूला शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे पट्टे, सायकलच्या बाजूला ट्रामच्या रुळांसारखे उभे. अंध माणसाला पावलाखाली कळतं की आपण कुठल्या भागात आलो, आणि चुकून चालणाऱ्यांच्या भागात शिरलेल्या सायकलवाल्याला आडवे पट्टे बुडाखाली कळतात. पायाला वाचता येणारी फरशी ही मुळात जपानमधल्या सेइइची मियाके यांची कल्पना, १९६५ सालची. १९६७ मध्ये ओकायामात ती पहिल्यांदा रस्त्यावर बसली. ओल्या दिवसात या उभ्या पट्ट्यांवर तिरकं जाऊ नका, पुढचं चाक घसरतं. हे जाता जाता.

पाटीसुद्धा नीट वाचायला शिका. जर्मनीत निळ्या गोल पाटीवर वर माणूस-मूल आणि खाली सायकल, मध्ये आडवी रेघ असेल तर मार्ग सगळ्यांचा एकत्र. मधली रेघ उभी असेल तर दोघांच्या पट्ट्या वेगळ्या. एवढा साधा फरक, पण रोज त्या पाटीखालून जाणाऱ्या लोकांना विचारलं तर निम्म्यांना सांगता येणार नाही असं मी पैजेवर म्हणेन.

कुणीतरी लगेच नेदरलँड्सचं नाव घेईल, म्हणून तेही सांगतो. हान्स मोंडरमन नावाच्या वाहतूक अभियंत्यानं द्राख्तेन गावातल्या चौकातून सिग्नल आणि पाट्या काढून टाकल्या, लोक एकमेकांकडे बघून वाट काढू लागले, हे खरं आहे. पण तो चौक होता, तिथे सगळ्यांनाच हळू व्हावं लागतं. सामायिक मार्ग लांब आणि सरळ असतो. बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर केलेला असेल तर विचारूच नका. ब्रिटनमधला ब्रिस्टल ते बाथ हा २१ किलोमीटरचा मार्ग १९७९ ते १९८६ दरम्यान तसाच झाला. रेल्वेचा चढ सौम्य, वळणं लांबलचक, त्यामुळे चालवायला स्वर्ग. आणि म्हणूनच तिथे वेग आपोआप चढतो. शिवाय नजरेला नजर भिडवून वाट काढायची तर नजर असावी लागते. अंध लोकांच्या संस्थांनी या कल्पनेला कडाडून विरोध केला तो याच मुद्द्यावर, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

वाकडेतिकडे लोखंडी अडथळे लावून वेग कमी करायचा मार्गही सुचवला जातो. नको. त्यातून चाकाची खुर्ची जात नाही, तीनचाकी सायकल जात नाही, जुळ्यांची बाबागाडी जात नाही, आणि ज्याच्यासाठी लावले तो तरुण मात्र बरोबर वळसा घेऊन जातो. ‘सायकलवरून उतरा’ ही पाटी तर कुणीच पाळत नाही. ज्याला चालायला त्रास होतो म्हणून तो सायकल वापरतो, अशा माणसाला पाळताही येत नाही.

गर्दीचं मात्र एक बरं असतं. ब्रिटिश सरकारच्या २०२० च्या सायकल मार्गांच्या मार्गदर्शिकेत नमूद केलंय की चालणाऱ्यांची संख्या वाढली की सायकलवाले स्वतःहून हळू होतात, आणि फारच दाटी झाली तर उतरून चालू लागतात. माझा अनुभव हाच. टकरी भर गर्दीत होत नाहीत. त्या होतात सकाळी साडेसहाला, रिकाम्या वाटणाऱ्या मार्गावर, जिथे सायकलवाला २५ वर असतो आणि चालणारा ‘इतक्या पहाटे कोण येणार’ असं धरून मधोमध असतो.

यात अलीकडे विजेच्या सायकलींची भर पडलीये. युरोपात पायडलला साथ देणारी मोटर २५० वॅटची आणि ताशी २५ ला बंद होणारी असावी लागते, तरी २५ म्हणजे १५ च्या जवळजवळ पावणेतीनपट धडक, कारण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. पण खरी गोम वेगळी आहे. चालणारा माणूस येणाऱ्या सायकलचा वेग तिच्यावरच्या माणसावरून ओळखतो. वाकून, दात-ओठ खाऊन पायडल मारणारा म्हणजे वेगवान. ताठ बसलेल्या, टोपलीत पिशवी असलेल्या आजी म्हणजे सावकाश. विजेच्या सायकलवरच्या आजी २५ नं येतात आणि समोरच्याचा हिशेब चुकतो. अशी सायकल असेल तर सामायिक मार्गावर मदतीचा टप्पा कमी करून ठेवा. अंधारात दिव्याचा झोत जमिनीकडे वळवा, चालणाऱ्याच्या डोळ्यांत नको. दिपलेला माणूस आणि डोळे मिटलेला माणूस यांत फरक नसतो.

आता चूक कुणाची. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मध्ये २९ जानेवारी २०२२ पासून एक उतरंड आली: जो जास्त इजा करू शकतो त्याची जबाबदारी जास्त. ट्रक मोटारीच्या वर, मोटार सायकलच्या वर, सायकल पादचाऱ्याच्या वर. पादचाऱ्याची जबाबदारी शून्य होते असं त्यात कुठेही नाही. माझ्या कामात मी त्याहून साधी कसोटी लावतो: कुणाला कोण दिसत होतं? आजोबांच्या पाठीला डोळे नव्हते. तुम्हाला ते निदान पन्नास मीटरवरून दिसत होते. तेव्हा ते कसेही सरकले असोत, त्या प्रसंगात ठरवायला वेळ फक्त तुमच्याकडे होता. समोरासमोर आला असतात, किंवा ते झाडाआडून मार्गावर आले असते, तर मी वेगळं बोललो असतो.

शेवटी एक काम सांगतो. रेघेसाठी अर्ज लिहिण्याआधी आठवडाभर मोजा. अपघात मोजू नका, ते क्वचित होतात आणि झालेले बहुतेक कुठे नोंदले जात नाहीत. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात गेल्या शतकातल्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत एक पद्धत तयार झाली, ती वापरा: दोघंही तसेच पुढे गेले असते तर आदळले असते, पण कुणीतरी ब्रेक दाबला किंवा वळला, असा प्रत्येक प्रसंग लिहायचा. ती हालचाल सुरू झाली तेव्हा आदळायला अंदाजे किती वेळ उरला होता आणि वेग किती होता, या दोन गोष्टी त्याच्यापुढे. सोबत वेळ, नेमकी जागा, कोण मागून कोण पुढून, बेल वाजली का आणि किती लांबून. तुमचे स्वतःचे प्रसंगही लिहा, तेच आधी लिहा. सात दिवसांत जागा आपोआप समोर येतील: बहुतेकदा एखादं आंधळं वळण, भुयारी वाटेचं तोंड, बाकांची जोडी, जिथे पायवाट येऊन मिळते ती जागा. चार किलोमीटरपैकी दीडदोनशे मीटर. तिथली झुडपं छाटायला सांगा, बाक कडेपासून मीटरभर आत घ्यायला सांगा, मार्ग तेवढ्यापुरता रुंद करायला सांगा. त्यासाठी केलेला अर्ज रेघेच्या अर्जापेक्षा लवकर मंजूर होतो असा माझा अनुभव आहे, कारण कागदावर जागा दाखवता येते.

आणि ते आजोबा पुन्हा दिसले तर थांबून विचारा, बेल ऐकू आली होती का. आली होती म्हणाले, तर कुठल्या कानानं तेही विचारा.